गळा काही गप्प बसेना

चि. धाकटीस,

थोरलीकडून तुला आणि तुझ्या कंबरेला आशीर्वाद. (कंबरेला वेगळा, तिला जास्त गरज आहे.) मी मजेत आहे, इतकी की सुनेला संशय येतोय.

तर ऐक. आपली नात, ती रबरी पट्ट्यांवर संशोधन करणारी, मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. पट्टी म्हणजे बोटाएवढी, काळसर, सायीसारखी मऊ. गळ्याला चिकटवली की कातडी इतकीशी ताणली तरी तिला कळतं आणि समोरच्या पडद्यावर रेघ उडी मारते. आजारपणात ज्यांचा आवाज गेलाय त्यांना पुढेमागे या पट्टीनं बोलता यावं, असं पोरीच्या मनात आहे. आवंढा गिळला तरी रेघेला टेकडी येते. मी जांभई दिली तर केवढा घाट झाला (मग मुद्दाम आणखी दिल्या, फुकटची करमणूक).

तेवढ्यात तिचे सर आले. काटकुळे, चहाच्या कपाकडेही संशयानं बघणारे. म्हणाले, "आजी, आता अगदी गप्प बसा. माणूस गप्प असताना रेघ सपाट राहिली पाहिजे. नाहीतर पट्टीच सदोष, सगळं पहिल्यापासून." पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी तोंड असं मिटलं की हे असते तर त्यांनी डॉक्टरला बोलावलं असतं.

पण नुसतं किती बसणार? पिशवीतून कागद काढून तुला पत्र लिहायला घेतलं (तेच, तुझ्या सुनेच्या पडद्यांबद्दलचं). लिहिण्यात कुठे आवाज असतो? तर तिकडे रेघ पिसाळली. पोरीनं पट्टी बदलली, वायर बदलली, पंखा बंद केला. रेघ नाचतेच. "कोणी बोलत नाही आणि ही बडबडतेय," सर म्हणाले, "टाकून दे." पोरगी कपाटाआड जाऊन नाक पुसून आली. तेही मी तुला लिहायला लागले, तर रेघ आणखीच चेकाळली.

नात मला पाणी द्यायला आली आणि तशीच थांबली. एकदा पडद्याकडे बघते, एकदा माझ्या हाताकडे. मग हळूच म्हणाली, "आजी, पेन खाली ठेव." ठेवलं. रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट. "आता लिही." लिहिलं. रेघ नाचली. अगं, शाळेत बाई 'मनात वाचा' म्हणायच्या तरी आपल्या दोघींचे गळे हलायचे, आठवतं? ओठ मिटायला शिकलो, तेवढ्यात शाळाच सुटली. मी अजून अक्षर न् अक्षर गळ्यात म्हणत लिहिते, आणि मलाही ऐकू न येणारं ते सगळं पट्टी ऐकत होती. सर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले नि म्हणाले, "आजी, जरा आणखी लिहा ना." मला आजवर कोणी 'आणखी बोल' म्हणालं नव्हतं गं. पोरीनं मिठी मारली तेव्हा रेघ पडद्याबाहेर गेली.

तुझी,
तोंड मिटूनही बडबडणारी थोरली

ता. क. सरांना असाच आणखी एक गळा हवाय. मी तुझं नाव सांगून टाकलंय. रविवारी ये. कंबरेचं कारण चालणार नाही, ती कोणी मागितलेली नाही.

आणखी ता. क. हे पत्रही पट्टी लावूनच लिहितेय. सर शेजारी उभे राहून रेघ बघतायत. 'काटकुळे' लिहिताना मोठी टेकडी आली, तर त्यांनी कौतुकानं विचारलं, हा कोणता शब्द? मी 'देवमाणूस' म्हणून सांगितलंय. आलीस की तूही तेच सांग.