ताईचे झाडू

सान पेद्रो, ९ मार्च १९९६

ती. एर्सिलियाताईस,
सा. न. वि. वि. आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच. वाचल्यावर देशील असं वाटत नाही.

रविवारी तुझ्या नातवाला बेसबॉलच्या मैदानावर पाहिलं. नेल्सिदो पळतो काय, दावं तोडलेल्या वासरासारखा. खांदाही दणकट आहे. पण बाहेरच्या मैदानात उभा केला की फटका बसल्यावर खांबासारखा थांबतो, आणि चेंडू डोक्यावरून जायला लागला की मग सुटतो. मला त्याची नजर अधू वाटते. जूनमध्ये क्लबचे अमेरिकन साहेब मुलं बघायला येतील, त्यांच्यापुढे मी त्याला नेणार नाही.

खरं सांगू? मी थकलोय, ताई. दरवर्षी बेसबॉलची मुलं हेरायची, विमानात बसवायची, आणि साहेबांना नकोशी झाली की विमानतळावरून आणून आईच्या दारात सोडायची. वाटभर कुणी माझ्याशी बोलत नाही. त्यात आपल्या घरचा पोरगा नको.

रागाव हवं तर, पण लोभ तोडू नकोस.
तुझा एवारिस्तो


उसाची वस्ती, १६ मार्च

चि. एवारिस्तोस,
अ. उ. आ. देव तुझं भलं करो आणि थोडी अक्कलही देवो.

ज्याची नजर अधू म्हणतोस, तोच मला सुईत दोरा ओवून देतो. मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, गल्लीतल्या विटिलाच्या खेळात आधी पळतो तो फसतो. बाटलीचं बूच झाडूच्या दांड्याने टोलवलं की हवेत कुठे वळेल नेम नसतो, ते वळेपर्यंत हलायचंच नाही. हे मी तुला सांगायचं? या खेळापायी माझ्या घरात एक झाडू धड राहिलेला नाही. आईचे झाडू तू मोडलेस, माझे हा मोडतो. तू पोराला पाहिलंस, पण कंटाळल्या डोळ्यांनी.

परत आला तर माझ्या दारात येईल, मला त्याचा घास जड नाही. इथेच राहिला तर पुढच्या हंगामात हातात कोयता येईल. त्याच्या आजोबांची बोटं तू पाहिली आहेस.

लोभ आहे. वाढवायचा की नाही, ते तुझं उत्तर बघून ठरवीन.
एर्सिलिया


सान पेद्रो, २४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. या खेपेला आशीर्वाद हक्काने मागतो.

तीन महिने पोराला विटिला बंद केला. पाठमोरा उभा करायचो आणि बॅटच्या आवाजावरून चेंडू जवळचा की लांबचा ते ओळखायला लावायचो. काल साहेबांपुढे पहिल्याच फटक्याला हा पुन्हा खांब झाला. मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. दुसऱ्या फटक्याला मात्र आवाजाबरोबर सुटला आणि कुंपणाशी जाऊन चेंडू घेतला. त्यानंतर एकही सोडला नाही.

साहेबांनी मला विचारलं, या मुलाची हमी घेतोस का. आजवर किती जणांसाठी मी चटकन हो म्हटलंय, पण काल त्यांना प्रश्न पुन्हा विचारायला लावला. तरी घेतली, ताई. पुढच्या महिन्यात जाईल. तू मला दोष देणार नाहीस ना?

तुझा, आणि तुझ्यावाचून कुणाचाच नसलेला,
एवारिस्तो


उसाची वस्ती, १८ ऑगस्ट

चि. एवारिस्तोस,
अ. उ. आ. देव तुझं भलं करो.

दुकानातल्या फोनवर नेल्सिदो बोलला. तिथला भात चिकट असतो म्हणाला, बाकी बरा आहे. विमानतळावरून गेलास तो इकडे फिरकला नाहीस. रविवारी ये, भात आणि घेवडा करते. दोष कसला द्यायचा? पाठव म्हणून मीच तुझ्यामागे लागले होते.

तो गेला त्या दिवशी नवा झाडू आणला. दांडा अजून शाबूत आहे. सकाळी अंगण झाडताना तेवढ्यानेच रडू आलं.

लोभ आहेच, फक्त ये.
तुझी ताई