खांद्याचा तौलनिक अभ्यास

१२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. खांदा दुखतो म्हणून नव्हे, आयुष्यात शिस्त हवी म्हणून. खांदा दुखतो ही वेगळी गोष्ट. उजवा. कात्रीचा. कानापर्यंत हात छान जातो, त्याच्या वर नेला की आतून कुणीतरी करकचून चिमटा काढतं. झोपेत अवघडला असणार. दोन दिवसांत जाईल.

सलूनमध्ये कुणाला पत्ता लागू दिलेला नाही. खिडकीजवळची खुर्ची माझी, आतली लेकीची. लेक कोर्स करून आलीय, हातही बरा आहे. पण गिऱ्हाईक थांबतं ते माझ्या खुर्चीसाठी. आतली रिकामी असली तरी थांबतं. यातच सगळं आलं.

१६ जानेवारी
आयडिया सुचली. खुर्ची पार खालपर्यंत उतरवून ठेवली. डोकंच खाली आलं तर हात वर न्यायचाय कशाला? उंच गिऱ्हाइकांना जरा घसरून बसायला सांगतो. एकाने विचारलं, हे काही मानेच्या मसाजसाठी आहे का. हो म्हटलं.

२ फेब्रुवारी
दोन दिवसांत गेला नाही.

हाडांचे डॉक्टर कटिंगला आले होते. जुनं गिऱ्हाईक. अर्ध्यावर म्हणाले, तुमचं कोपर वर येत नाहीये. म्हटलं, माझी पद्धतच ती आहे. तर हा गृहस्थ अंगावरच्या कापडासकट उठला आणि माझा हात धरून गरागरा फिरवला. भर दुकानात! मी ओरडलो नाही. लेक म्हणते ओरडलो.

५ फेब्रुवारी
सोनोग्राफी झाली. खांद्याच्या गोळ्यावर चार स्नायूंची मिळून एक टोपी असते म्हणे, रोटेटर कफ. माझ्या टोपीची शिवण थोडी उसवली आहे. पूर्ण नाही, थोडी. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, एक इंजेक्शन घ्या, काही आठवडे कात्री बाजूला ठेवा, मग व्यायाम. इंजेक्शनं तीन प्रकारची आहेत, असंही म्हणाले. हे त्यांनी बोलायला नको होतं असं हिचं मत. हिचं म्हणजे घरच्या मंत्रिमंडळाचं.

तीन प्रकार असतील तर अभ्यास न करता दंड पुढे करणं हा निव्वळ अडाणीपणा. तौलनिक अभ्यास करणार. आठ दिवस पुष्कळ झाले.

भीतीचा प्रश्नच येत नाही. मी रोज लोकांच्या गळ्यावर वस्तरा ठेवतो. अर्थात तो मी धरलेला असतो.

१३ फेब्रुवारी
अभ्यास जोरात. स्टेरॉइडवाला सापडला, बँकेतला कॅशियर. त्याने गेल्या वर्षी खांद्यात घेतलं होतं. चार दिवसांत हात मोकळा झाला म्हणतो. म्हटलं, आणि आता? आता परत थोडं कुरकुरतं म्हणाला. आणि व्यायाम? तो राहूनच गेला म्हणाला. लगेच नोंद केली: स्टेरॉइड, लवकर येतं, लवकर जातं. आमच्या मेव्हण्यासारखं.

हे हिला वाचून दाखवायचं नाही.

१९ फेब्रुवारी
आता पीआरपी. जिमवाल्याने घेतलंय. आपलंच रक्त काढायचं, मशिनमध्ये गरगर फिरवायचं आणि त्यातला अर्क आपल्यालाच परत टोचायचा. गुण हळूहळू येतो, महिने लागतात, पण टिकतो असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, काहींना टिकतो, काहींना नाही, सगळ्यांचं अजून एकमत नाही. मला पटलं होतं. मग लक्षात आलं की यात सुई दोनदा. एकदा काढायला, एकदा घालायला. नोंद: पीआरपी, तत्त्वतः उत्तम, घाई नको.

जिमवाला धिप्पाड माणूस. घसरून घसरून खुर्चीतून खाली यायची वेळ आली तरी टाळू हाताला येईना. शेवटी टाळूवरचे केस तसेच ठेवले. सांगितलं, हल्ली वर व्हॉल्यूम ठेवतात.

२० फेब्रुवारी
जिमवाला परत आला होता. आतल्या खुर्चीत बसला. म्हणाला, सहज.

२७ फेब्रुवारी
तिसरा प्रकार जेलचा. बिजागरीत वंगण घालतात तसं सांध्यात घालायचं. कॅशियरच्या सासूबाईंनी घेतलंय, पण गुडघ्यात. गुडघ्यावरून खांद्याचा अंदाज कसा बांधायचा? अभ्यासाची व्याप्ती वाढवावी लागणार. मार्च लागेल.

हिने विचारलं, एवढा अभ्यास शाळेत केला असता तर आज आपणच टोचत असतो, नाही का? मी वही मिटली. अभ्यासकाने वाद घालू नये.

९ मार्च
रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाही. शर्ट घालताना आधी उजवी बाही चढवायची, मग बाकीचं अंग त्यात शिरवायचं. जमतं. वरच्या फळीवरची पावडर लेकीने न सांगता खालच्या फळीवर आणून ठेवली. मी ती परत वर ठेवली. डाव्या हाताने.

१८ मार्च
डॉक्टर आले. कटिंग लेकीकडे केली. गर्दी होती म्हणून असेल. (गर्दी नव्हती.) जाताना विचारलं, काय ठरलं? म्हटलं, अभ्यास अंतिम टप्प्यात आहे. ते म्हणाले, अहो, हात असाच जखडून ठेवलात तर खांदा गोठेल, मग कुठल्याच सुईला दाद देणार नाही. तीनही इंजेक्शनं माझ्याकडे आहेत, कुठलंही घेतलंत तरी शेवटी व्यायामाला पर्याय नाही.

व्यायामाला पर्याय नाही! म्हणजे नुसत्या व्यायामाने भागेल, असाही अर्थ निघतो. चौथा प्रकार. अभ्यास नव्याने करावा लागणार.

खरं सांगायचं तर, वहीतच सांगतोय म्हणून, सुईपेक्षा ते काही आठवड्यांचं जास्त टोचतं. तेवढे दिवस खिडकीजवळ कोण उभं राहणार? लेकच. आणि एकदा गिऱ्हाइकाला तिच्या हाताची सवय लागली की माझ्याकडे कोण येणार? वीस वर्षं ही डोकी मी राखली. मला हे असह्य होतं.

२ एप्रिल
आज कॅशियरच्या कानाला कात्री लागली. किंचित. हात वर न्यायला गेलो, कळ आली, हात धाडकन खाली आला, आणि कान मध्ये आला. कानाने मध्ये यायचं कारण नव्हतं.

रक्त बघून मला जरा बसावं लागलं. लेकीने कॅशियरच्या कानाला कापूस लावला, त्याची माफी मागितली, राहिलेली कटिंग पुरी केली. मग नुसती माझ्या हातातली कात्री काढून घेतली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३ एप्रिल
हिने हाताला धरून दवाखान्यात नेलं. डाव्या. डॉक्टरांनी विचारलं, मग, अभ्यासातून काय निघालं? मी वही काढणार तेवढ्यात ही म्हणाली, जे आत्ता कपाटात तयार असेल ते द्या.

स्टेरॉइड निघालं.

मी चक्कर येऊन पडलो, ही अफवा आहे. डोळे मिटून शांत पडून होतो. नर्सबाईंनी माझे पाय वर धरले होते ते त्यांच्या पद्धतीने. शुद्धीवर, म्हणजे उठून बसल्यावर, विचारलं, सुरू कधी करणार? झालं होतं.

एवढंच होतं? अरे मग दोन महिने मी काय करत होतो?

अभ्यास.

१२ एप्रिल
दुखणं निम्म्यावर. फिजिओ बाईंनी रबराचा पट्टा दिलाय. दाराच्या कडीला बांधून ओढायचा. शिवाय भिंतीवर बोटांनी चालत वर जायचं. सकाळ-संध्याकाळ. टाळायचा विचार होता, पण ही समोर खुर्ची टाकून भाजी निवडत बसते. पोटाशी हात घेऊन केलेलं तिला लगेच कळतं.

दुकानात कॅश सांभाळतो. लेक तात्पुरती खिडकीजवळ उभी राहते. तिने खुर्ची वर घेतली आहे. तात्पुरती.

६ मे
बोटं दाराच्या चौकटीपर्यंत पोचली! हिला हाक मारली. आली, बघितलं, आणि डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं. मग म्हणाली, आता माळ्यावरचे डबे काढा.

२५ मे
डॉक्टरांनी हात फिरवला, सगळीकडून. आता काम करा म्हणाले, जपून, व्यायाम सोडू नका. मी मुद्दाम विचारलं, माझ्या केसवरून तुम्हालाही बरंच शिकायला मिळालं असेल? हो म्हणाले.

उद्यापासून खिडकीजवळ. लेकीला सांगितलं. ती लगेच, हो बाबा, म्हणाली आणि आपलं सामान आतल्या खुर्चीकडे नेलं. पोर गुणी आहे. तिला वाईट वाटलं असेल, पण गिऱ्हाइकापुढे काय चालतं!

२६ मे, रात्री
सकाळी सगळ्यांत आधी पोचलो. इस्त्रीचा शर्ट, नवी कात्री. दहाच्या सुमाराला बाक भरला. मी कापड झटकून म्हटलं, या, कोण येतंय?

सगळ्यांनी एकदम मोबाइल काढले.

पुन्हा म्हटलं, ही खुर्ची मोकळी आहे. जिमवाला म्हणाला, असू दे, मला घाई नाही. कॅशियरने नुसता कान चाचपला. लेक आत एकाची कटिंग करत होती, मान वर न करता म्हणाली, बाबांचा हात एकदम बरा झालाय हं. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. उठलं कुणीच नाही. मी उगाच आरसा पुसला. मग परत पुसला.

शेवटी पेन्शनर काका उठले. माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. बाकीच्यांकडे रागाने बघत आले आणि बसले. म्हणाले, कर बाबा.

मी खुर्ची पूर्ण वर घेतली. असा हात चालला म्हणता! कानामागे, टाळूवर, कुठे अडला नाही. वर्षभरात एवढी स्वच्छ कटिंग मी केली नव्हती. दोन्ही बाजू अगदी समसमान. कापड झटकलं, मागचा आरसा दाखवला. काकांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. छान झालंय म्हणाले. मग जरा घुटमळले, आणि आत बघून म्हणाले, पोरी, तू एकदा नुसता हात फिरवून देतेस का?

ती माझ्याकडे बघत राहिली. जागची हलेना. मीच कात्री उलटी धरून तिच्यापुढे केली.

हात खांद्यातून सरळ पुढे गेला. अजिबात दुखला नाही.