मोरीचं दार

अहो,

गोळीने गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय, डाव्या हाताने खाता येईल असंच केलंय.

भरपाई कचेरीचं पत्र काल चादर बदलताना तुमच्या उशाखाली सापडलं. वाचलं मी. बोट मोरीच्या दारात चेंगरलं, असं तुम्ही दवाखान्यात सांगितलंत म्हणे! म्हणजे कारखान्यात नाही, घरी. तेव्हापासून मला एकच प्रश्न पडलाय, कुठलं दार? आपल्या मोरीला लग्न झाल्यापासून पडदाच आहे. पडद्यात बोट चेंगरलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

फोरमन भाऊजींनी गळ घातली असणार. मशीनची सुरक्षेची जाळी त्यांनीच काढायला लावली होती, हे तुम्ही त्या दिवशी कण्हत कण्हत मला सांगितलं होतंत. त्यांची नोकरी वाचावी म्हणून खोटं बोललात, तुमचा स्वभावच तसा. पण त्यापायी तुमची भरपाई अडली आणि हाताचं दुसरं ऑपरेशनही, हे भाऊजींना ठाऊक आहे का? नसावं, असं वाटतं. तेच विचारायला कारखान्यावर चाललेय. भांडायला नाही, खरंच विचारायला.

पत्रात लिहिलंय, आज अकरा वाजता कचेरीचे साहेब ते दार बघायला येणार आहेत. घाबरू नका. कीर्तनात बुवा कसे आधी डोळे मिटून देवाचं नाव घेतात, मग आवाज आपोआप मोकळा होतो, तसंच करा. साहेबांना मोरीपर्यंत न्या आणि झालं तसं सांगा.

पडदा कालच धुऊन लावलाय.

तुमचीच