उजव्या हाताचं अक्षर

पवनार,
डिसेंबर २००३

प्रिय रोशन,

अक्षर ओळखू आलं नसेल. पहिल्यासारखं गोल राहिलं नाही, ओळही खाली उतरते. पण उजव्या हाताचंच आहे. हिंगणघाटच्या तुझ्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला तू सांगायचास ना, मंजुषाचा हात कायमचा गेला म्हणून? आलाय परत.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई रबरी चेंडू दाबायला द्यायच्या. मी तो डाव्या हातानं भिंतीवर फेकायची. एकदा मी डाव्या हातानं खिडकीतल्या क्रोटनची वाळकी पानं तोडत होते, ते त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या हातानं नाही, ह्या हातानं." एक पान तोडता तोडता घामाघूम झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कुंडीशी जाऊन बसले. तू तोवर यायचा बंद झाला होतास.

घरी निघताना, म्हणजे इथे बाबांकडे, बाईंनी मनीप्लांटची फांदी दिली. ती मी पाणी घालघालून कुजवली. घरातल्या झाडाला रोज पाणी लागत नाही. बोट मातीत खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. माझ्या बोटाला ओलं-कोरडं कळतच नव्हतं. तरी नवी फांदी लावली आणि खुपसत राहिले. गेल्या वर्षीचा पावसाळा सरला, आणि एका सकाळी बोटाला गार लागलं. अशी ओरडले की बाबा धावत आले. त्यांना वाटलं विंचू चावला.

मग कोलियस लावले, शेवंती लावली. शेंडा खुडला की झाड दाट होतं, पण खुडायला अंगठा आणि बोट जुळावं लागतं. जुळत नसे तेव्हा मी दात आवळून तुझं नाव घ्यायची. जुळायचं. झाडांनी मन शांत होतं म्हणतात. हात मी बरा होऊ दिला, मन शांत होऊ दिलं नाही. आता सावंगीच्या होस्टेलच्या मुली माझ्याकडून कुंड्या नेतात. लकव्यानं हात गेलेल्या शेजारच्या आनंदाबाई रोज माझ्याकडे माती कालवायला बसतात.

माझा हात गेला त्या संध्याकाळी वर्ध्याच्या रस्त्यावर तुझ्या तोंडाला दारूचा वास येत होता. स्कूटर तूच खड्ड्यात घातलीस. नंतर माझ्या उशाशी रडलास, "मंजू, कोणाले सांगू नको. मी तुले जन्मभर सांभाळतो." मी तुझं ऐकलं. आणि तू गावभर सांगितलंस, स्कूटर शिकायचा हट्ट तिचा, चालवत तीच होती. बाबांनी तुझ्या आईचे पाय धरले, "पोरीचं चुकलं, तिले टाकू नका." तू तिथेच उभा होतास. मी नंतर बाबांना खरं सांगितलं, तर म्हणाले, "आपलं पाप नवऱ्यावर काऊन ढकलून राह्यली?"

काल तुझे मामा ओमप्रकाशजी संमतीच्या घटस्फोटाचे कागद घेऊन आले. रुचिकाशी तुझं जमलंय म्हणे. "सही जमणार नाई, तिचा अंगठा घ्या," असंही तू सांगून पाठवलंस. सही मला जमते. रविवारी आईला आणि मामांना घेऊन ये. बाबांसमोर उभा राहून सांग, स्कूटर कोण चालवत होतं आणि काय पिऊन. तुझं बोलणं संपलं की तिथेच, ह्याच हातानं सही करते. नाही आलास तर कागद असेच पडून राहतील, आणि मी रुचिकाच्या घरी जाऊन सगळं सांगेन. मुहूर्त तुझा टळेल. मला काही घाई नाही, शेवंती ऐन बहरात आहे.

अजून तरी तुझीच,
मंजुषा