मंगळावर कोणी वाट बघत नव्हतं

प्रिय पप्पा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं. त्याचा फार अर्थ काढू नका.

उद्या कोलोनला तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये तुमची शोकसभा आहे. तुमच्या जागी आलेल्या प्रोफेसरांचा मला एर्लांगेनला फोन आला. “तुमच्या वडिलांच्या संयमाबद्दल दोन शब्द बोला. गेनाऊ, अगदी तेच, संयमाबद्दल!” मी हो म्हटलं. जर्मनमध्ये बोलेनही गोड. पण खरं काय ते तुम्हालाच सुनावायचंय, आणि ते मराठीतच जमेल.

तुमची ती गोष्ट मला तोंडपाठ आहे. मंगळाभोवती फिरायला गेलेलं पहिलं यान. पोचलं, तर अख्खा ग्रह धुळीच्या वादळात गुडूप! वर आलेले फक्त चार डोंगरांचे माथे. यान घिरट्या घालत राहिलं, धूळ खाली बसली, मग त्याने फोटो काढले आणि माणसाला मंगळाचा पहिला धड नकाशा मिळाला. मागोमाग दुसऱ्या देशाची यानं पोचली. त्यांचं सगळं आधीच ठरवून दिलेलं, थांबायची सोयच नाही. त्यांनी बहुतेक धुळीचेच फोटो काढले. “उतावळे!” म्हणून तुम्ही हसायचात, आणि तोवर आईने वाढलेलं वरण गार झालेलं असायचं.

त्या यानाच्या फोटोंवर तुम्ही डॉक्टरेट केलीत, नोकरी केलीत. करा की! पण त्याचा शहाणपणा घरात कशाला आणलात?

आई नागपूरला शाळेत शिकवायची. इथे आल्यावर तिने तुमच्याकडे मागितलं ते एकच. “अहो, परत कधी जायचं?”

“धूळ बसू दे.”

आधी माझी शाळा, मग तुमचं प्रोजेक्ट, मग दुसरं प्रोजेक्ट, मग पेन्शन. पप्पा, कुठली धूळ होती हो ती? मला तर कधी दिसली नाही. आमच्या घरात सगळं लख्ख दिसत होतं. आई खिडकीशी उभी राहून मावशीशी फोनवर बोलायची, तेही दिसत होतं. तुम्ही तेवढं बघितलं नाहीत.

तुम्ही वाईट असतात तर बरं झालं असतं! थंडीत माझ्याआधी उठून माझ्या सायकलच्या सीटवरचं दव पुसणारे तुम्हीच. तुमचा राग करायला बसले की ते ओलं फडकं आठवतं, आणि मग आणखीच राग येतो.

मावशीने नागपूरला आईसाठी आपल्या शेजारची खोली राखून ठेवली होती. दर वर्षी तिला चुना मारून घ्यायची. ती आजारी पडली तेव्हाही तुम्ही काय म्हणालात? “एवढी मीटिंग होऊ दे, मग निवांत जाऊ.” आईने बहिणीचं शेवटचं दर्शन मोबाइलवर घेतलं. तुम्ही बाजूला उभे होतात, मान खाली घालून. मान खाली घालून काय होतं?

अहो, मंगळावर कोणी वाट बघत नव्हतं! तिथे कोणाची बहीण म्हातारी होत नव्हती. म्हणून त्या यानाला थांबणं परवडलं. एवढी साधी गोष्ट तुमच्यासारख्या माणसाला कळू नये?

आता ऐका. आई निघाली आहे, कायमची. तिकीट तिनेच मला काढायला लावलं. तुमच्या अस्थीही सोबत न्यायच्या असं मी धरून चालले होते. पण इथे अस्थिकलश असा उचलून नेता येत नाही. अंत्यविधीचं बघणारे गृहस्थ काल घरी येऊन म्हणाले, “आल्झो, म्हणजे बघा, परवानगीचे कागद यायला वेळ लागेल. थांबावं लागेल.”

मी आईला मराठीत सांगितलं. ती बॅगेची चेन लावत होती. तिने वरही बघितलं नाही.

“मग राहू दे त्यांना. त्यांना जमते थांबणं. मी चालली.”

उद्या मी तुमच्या संयमाचं कौतुक करीन, सगळे माना डोलावतील. आणि कागद आले की तुम्हाला नागपूरला घेऊन जाईन, हा माझा शब्द. पण आईला विमानतळावर बोलावणार नाही. त्या खोलीचं दार तुमच्यासाठी उघडायचं की नाही, ते तिने ठरवायचं.

जय भीम.

तुमची मुलगी,
प्रज्ञा