करपलेला पापुद्रा

बुधवार, दिवेलागण. केडगाव, आईकडे.

पाचवा महिना लागला, तरी बाळ हललेलं जाणवत नाही. मागच्या खेपेचं टिकलं नाही, म्हणून जीव टांगणीला. आज चुलीपुढे बसून भाकरीचा करपलेला पापुद्रा मागितला. आई हसली. "त्यालाच पायजे आसंल. तू कवा खाल्लं गं करपलेलं?"

लॅबमध्ये मी रक्तातले सूक्ष्म बुडबुडे बघते. पेशी आपलाच पापुद्रा खुडते, त्याच्या बुडबुड्यात निरोप बांधून रक्तात सोडते. कुठलीशी रक्तवाहिनी तो ऐकते. बाळाच्या वारेतूनही सुटतात हे बुडबुडे, आईच्या रक्तात. म्हणजे आत्ता माझ्या अंगभर तिकडचे निरोप फिरत असतील? डोहाळ्यांशी त्यांचा संबंध मी कुठल्याच पेपरात लिहिणार नाही. इथे लिहिते.

आणखी एक पापुद्रा खाल्ला. अजून हललं नाही. पण मागतंय.