आमच्या शाळेची सरासरी

२९ जुलै, सायंकाळी
पायाभूत चाचणीचा निकाल पोर्टलवर आला. केंद्रात आमची शाळा शेवटून दुसरी. शेवटची शाळा परीक्षेच्या दिवशी रस्त्यावर दरड आल्यामुळे बंदच होती.

केंद्रप्रमुख शेडगे साहेब फोनवर म्हणाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. याचा अर्थ माझ्याकडून काहीतरी अपेक्षा आहे. चांगले लक्षण.

पेपर पुन्हा चाळले आणि शिसारी आली. पानांना शेंबूड, तेल, कसली तरी चटणी. 'विमानतळावरील सूचना वाचा व उत्तरे लिहा' या प्रश्नाखाली चौथीच्या दर्शनाने खेकडा काढला आहे. खेकडा चांगला आहे. गुण शून्य.

संकल्प: ऑक्टोबरच्या संकलित चाचणीत शाळा केंद्रात पहिली. रोज साडेनऊला हजर. रोज एक सराव पेपर. रोज ही डायरी.

५ ऑगस्ट
डायरी मध्ये राहिली. कारणे होती.

आज महाडहून वेळेत निघालो होतो. नाक्यावर एमआयडीसीच्या शिफ्टच्या बसेस आडव्या. पोलादपूरला चहा घेणे भाग होते, पुढे वाडीपर्यंत चढ आहे. शाळेत पोचलो तर कुलूप उघडे आणि वर्ग रिकामा. रेश्माबाई सगळ्या पोरांना घेऊन ओढ्यावर.

आम्ही शिक्षक दोनच. पहिली-दुसरी रेश्माबाईंकडे. तिसरी ते पाचवी आणि मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे. माझी पोरे का नेली विचारले, तर म्हणाल्या, अकरापर्यंत नुसती बसली होती. गोटे गोळा करून भागाकार शिकवत होत्या म्हणे. मग पोरे ओले पाय घेऊन माझ्या वर्गात आली. चिखलाचा वास दिवसभर नाकातून गेला नाही.

बाईंना शांतपणे समजावले की पेपरात गोटे येत नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, वाचता आलं तर पेपरात काहीही येऊ दे."
नवीन लोकांना गांभीर्य नाही.

१९ ऑगस्ट
सराव जोरात. पोरांना सोपा मंत्र दिला: येत नसेल तिथे 'ब'. जुने पेपर अभ्यासून काढलेला निष्कर्ष आहे. पर्याय 'ब' कधी दगा देत नाही.

पाचवीच्या दीपेशला विचारले, उशीर का झाला? म्हणाला, ब.
शिस्त रुजते आहे.

२२ सप्टेंबर
गौरी-गणपतीत मुंबईची माणसे आली आणि शाळा ओस पडली. नंतर आलेली पोरे मोदकांनी सुजलेली आणि नाचून घसा बसलेली. सराव पेपर घेतला. गणितात सगळ्यांनी सगळीकडे 'ब' लिहिले. रिकाम्या जागा भरा, तिथेही 'ब'.

पोर्टलवर माहिती भरायची तर रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर. हात वर करून उभा राहिलो. माहिती तीनदा भरली, तीनदा उडाली. खाली पोरे खिडकीतून बघून हसत होती. या व्यवस्थेचा मनापासून वीट आला आहे. सुट्टीत मी काही शिकवले नाही, पण सत्काराचे भाषण लिहून काढले.

६ ऑक्टोबर
परवापासून चाचणी. आज शांतपणे हिशेब मांडला. सरासरी खाली ओढणारी एकच मुलगी आहे, दर्शना. चौथीत आली तरी अक्षराला अक्षर लावते. ती धरली तर शाळा मध्यावर, वगळली तर पहिली. इतरांच्या मेहनतीवर हा अन्याय नव्हे काय?

तिचे आईवडील मुंबईला. इथे ती आजीकडे, तुळसाबाईंकडे असते. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. अंगणात गोठ्याचा वास, कोंबड्यांची घाण. चहा अर्धाच प्यायलो. म्हणालो, मुलीचा चेहरा उतरलेला दिसतो, ताप असावा, तीन दिवस शाळेत पाठवू नका. तुळसाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला.
"अंग तर गार हाय, गुरुजी."
मी म्हणालो, आतला ताप असेल. बाहेरून कळत नाही.

म्हातारी दर्शनाला जवळ ओढून बसली. काम सहज झाले. खोटे म्हणता येणार नाही. विश्रांती कोणालाही चांगलीच.

८ ऑक्टोबर
भाषेचा पेपर. एका खोलीत तीन इयत्ता, तीन पेपर. चौथीचे पेपर गठ्ठ्यात कमी आले, तरी आमच्या वर्गाला पुरले. नियोजनाचा फायदा. तिसरीच्या पोराने विचारले, गुरुजी, गोष्ट वाचायची का आधीच 'ब' लिहू? मी खिडकीबाहेर पाहिले.

१५ ऑक्टोबर
पहिले! कच्च्या यादीत केंद्रात पहिली शाळा! शेडगे साहेबांनी ग्रुपवर फुलाचे चित्र टाकले. पोलादपूरला कार्यक्रम, शाल, श्रीफळ. भाषणात 'सर्वांगीण विकास' तीनदा येतो. चौथ्यांदा घातला.

दर्शना अजून शाळेत आलेली नाही. लोकांना शिक्षणाचे महत्त्व नाही.

१९ ऑक्टोबर
रेश्माबाई आज माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. मग डबा खाताना सांगितले. दर्शनाला एक मोठा भाऊ होता. त्याला असाच ताप आला, हाताला लागला नाही, घरच्यांना कळला नाही, आणि पोर गेले. तीन वर्षांपूर्वी. गुरुजींनी आतला ताप ओळखला म्हणून तुळसाबाई त्याच संध्याकाळी दर्शनाला घेऊन तुडीलला तिच्या मामाकडे गेल्या. तिथून महाडचे डॉक्टर जवळ. सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघत नाही म्हणून घरचे जास्तच घाबरले आहेत. आईवडील मुंबईहून रजा काढून आलेत.

मला हे कोणी आधी सांगितले नव्हते. पटनोंदणीत असल्या गोष्टींचा रकाना नाही.

डबा तसाच राहिला. भाजीला वास येत होता.

ठरवले: जाऊन खरे सांगायचे. सत्कार झाला की लगेच.

२२ ऑक्टोबर
साहेबांचा फोन. गैरहजर विद्यार्थ्याची चाचणी नंतर घेऊन गुण भरल्याशिवाय निकाल पक्का होत नाही. तोवर आमच्या शाळेपुढे 'अपूर्ण'. मुलगी कुठे आहे, काय झाले तिला, असे विचारत होते. मी म्हणालो, ताप.

उद्या तुडीलला जाणार. अर्थात शाळेच्या कामासाठी.

२३ ऑक्टोबर, तुडीलहून आल्यावर
बाहेर ऑक्टोबरचा उकाडा आणि खोलीत दर्शना दोन गोधड्यांखाली. केस घामाने चिकटलेले. दार बंद, खिडकी बंद, उदाचा धूर. बाप भिंतीला टेकून उभा. आई उशाशी बसून वारा घालत होती. मामा शुभम नुकताच कंपनीतून आला होता. आणखी एका डॉक्टरकडे न्यायचे म्हणून त्याने गाडीची चावी हातातच ठेवली होती.

तुळसाबाईंनी मला पाहिले आणि त्यांचा चेहराच पडला. त्यांना वाटले, मी आणखी काही ओळखून आलो.

सांगितले. म्हणजे बरेच फिरवून सांगितले. शासनाचे धोरण, केंद्राची सरासरी, पोर्टल. शुभम म्हणाला, नीट सांगा. मग नीट सांगितले. ताप नव्हता. तिला वाचता येत नाही, म्हणून घरी ठेवायला सांगितले.

शुभम एक पाऊल पुढे आला, तेव्हा मी दाराकडे सरकलो हे मान्य. म्हातारीने हात करून त्याला थांबवले.
"म्हंजे पोर आजारी नाय?"
नाही म्हणालो.
"निसती ढ हाय?"
हो म्हणालो.

तुळसाबाईंनी गोधड्या काढून फेकल्या. खिडकी उघडली. आईने पोरीला पोटाशी धरले आणि रडायला लागली. मला वाटले, आता माझी पाळी. तुळसाबाई आत गेल्या आणि साखर घेऊन आल्या. माझ्या तळहातावर ठेवली.
"खावा, गुरुजी. ढ पोर जगतं ओ."

शिवी दिली असती तर उत्तर होते माझ्याकडे. साखर तोंडात टाकली.

२८ ऑक्टोबर
आज दर्शनाची राहिलेली चाचणी घेतली. निकाल पक्का होईल, आणि शाळा कुठे जाईल ते मला पेपर तपासण्याआधीच माहीत आहे. सत्कार शेजारच्या शाळेचा ठरला आहे. साहेबांनी आभारप्रदर्शन माझ्याकडे दिले आहे. माझे भाषण तयार असेलच, म्हणाले.

रिकाम्या वर्गात ती एकटी बसली होती. पेपर उलटासुलटा करून पाहिला. मग माझ्याकडे पाहून विचारले, "गुरुजी, पुढच्या परीक्षेला पण मला ताप येनार का?"

मी तिची पेन्सिल घेतली आणि टोक काढून द्यायला लागलो. टोक दोनदा मोडले.